झऱ्यांची फाइल

उन्हाळ्यातला उजेड करंजवस्तीवर एकदम येत नसे. आधी तो दूरच्या माळावरच्या पवनचक्क्यांच्या पात्यांना लागे, आणि पाती फिरत असली तर काही वेळ तिथेच घोटाळत राही. मग हमरस्त्यावर उतरे. नळदुर्गकडून येणाऱ्या ट्रकांचे दिवे अजून जळतच असत. त्या पिवळ्या दिव्यांची ताकद कुणी हळूच काढून घ्यावी तसे ते फिकट होत जात. त्यानंतर द्राक्षबागेचे दगडी खांब, खांबांवरच्या तारा, तारांवर बसलेले कोतवाल पक्षी. मग लिंबाचा शेंडा. मग गोठ्याचे पत्रे, ज्यांच्यावरचा गंज त्या घटकेपुरता तांब्यासारखा दिसे. सगळ्यांत शेवटी उजेड विहिरीत उतरे. काठाचा दगड, त्याखालचा दगड, पाइपाला बांधलेला काथ्या, पारव्यांनी केलेली पांढरी रेघ, दगडांच्या फटीतून उगवलेला पिंपळाचा कोंब. प्रत्येकावर तो सारखाच वेळ थांबे, कुणाला अधिक नाही, कुणाला उणे नाही. मल्लिनाथ काठावर उभा राहून ते उतरणे पाहत असे. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. रोजचेच होते. तरी पाण्याच्या दिवशी तो मोटर सुरू करण्याआधी तेवढा वेळ थांबे, आणि त्याचा बाप शिवलिंग त्याला त्याबद्दल कधी बोलत नसे.

त्या सकाळी, सूर्य उगवायच्या आधीच, पहिला उजेड खाली गेला आणि ओल्या भिंतीवर थबकला. पुरुषभर उंचीचा पट्टा काळाभोर दिसत होता. रात्री पाणी तिथवर चढले होते. आता ते तळाशी होते, आणि त्यातून गाळात रुतलेली एक चप्पल वर आली होती.

"आप्पा, इकडं या. पाणी उपसलंय."

शिवलिंग खांद्यावर खोरे घेऊन आला. विहिरीत पाहिले, मग उगाच आभाळाकडे पाहिले.

"झरा कमी चालला आसल रातीच्याला."

"झरा कमी चालला तर भिंत वली कशी?"

शिवलिंगने खोरे खाली ठेवले. विहीर सामाईक होती. एक दिवस थोरल्या भावाचा, एक दिवस धाकट्याचा. सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत. त्यांच्या बापाने घालून दिलेली पाळी दोघांनी इतकी वर्षे पाळली होती. आदला दिवस धाकट्याचा, म्हणजे शिवलिंगचा होता. पण दुपारीच लाईट गेली आणि ती आली तेव्हा घरात निजानीज झालेली होती. रात्रभर साचलेले पाणी पहाटे सोडू, असे शिवलिंग निजताना म्हणाला होता.

आपल्या द्राक्षबागेतून थोरला भाऊ महारुद्र आला. तोंडात मिश्री, खांद्यावर टॉवेल.

"काय रं, बापलेकाचं इहिरीत काय हरवलं?"

"दादा, पाणी आमचं व्हतं," शिवलिंग म्हणाला.

"मग? म्या कुठं न्हाय म्हणतो?"

"पाणीच न्हाय, दादा."

"शिवलिंगा, छाटणी झाल्यावर येलीचं पाणी तोडलं तर वर्स जातंय. तुझी कोथमीर काय, दीड महिन्याची पाव्हणी. आली काय, गेली काय."

"इचारायचं तरी."

"झोपला व्हतास. उठवून इचारू? का तुझ्या उशाला मोटर लावू?"

महारुद्र हसला. आणि मग शिवलिंगही हसला. मल्लिनाथने तेच पाहिले. पाणी गेल्याचे त्याला त्या क्षणी तितके वाटले नाही. बापाच्या ओठांच्या कोपऱ्यात आलेले, थोरल्या भावापुढे ठेवायचे म्हणून आणलेले ते हसू मात्र त्याच्या छातीत जाऊन बसले. शिवलिंगने खोरे उचलले आणि कोरड्या पाटाकडे असा वळला, जणू तिथे काही काम होते.

*

महारुद्रचा मुलगा शंभुलिंग, म्हणजे शंभू, आणि मल्लिनाथ हे दोघे चुलतभाऊ एकाच वर्षी पदवीधर झाले आणि एकाच वर्षी घरी बसले. हिवाळ्यात शंभूनेच तो कोर्स शोधला. पुण्याची एक संस्था भूजल शिकवत होती, सगळे ऑनलाइन. विद्यार्थ्यांनी जोड्या कराव्यात, आपापल्या गावातला एक विषय घ्यावा, सामाईक फाइलवर मिळून लिहावे, आणि शेवटी सगळ्यांसमोर सादर करावे. त्यानंतर जोडीतल्या एकाला संस्था आपल्याकडे कामाला घेणार होती. एकालाच. मंजुषा मॅडमनी पहिल्याच तासाला हे सांगितले होते, आणि शंभूने वळून मल्लिनाथकडे पाहिले होते. तेव्हा दोघे द्राक्षबागेच्या शेडमध्ये एका लॅपटॉपपुढे बसले होते.

"कोणबी गेलं तरी घरातलंच," शंभू म्हणाला होता.

विषय घेतला आटणाऱ्या विहिरींचा. कोणत्या विहिरीला कोणत्या अंगाने झरा आहे, उपसा झाल्यावर पाणी किती वेळाने चढते, गाळाने कोणता झरा बुजला आहे. वस्तीतल्या आणि आजूबाजूच्या मळ्यांतल्या विहिरी दोघांनी हिंडून पाहिल्या. त्या उन्हात फिरून मल्लिनाथच्या मानेवरचे कातडे निघाले होते. रात्री तो ते सगळे फाइलमध्ये उतरवी. त्याची वाक्ये लांब असत. झरा कुठून येतो हे सांगताना तो पाण्यावर पडलेला उजेडही सांगे. आपण जे लिहितो ते वस्तीवर आजवर कुणी लिहिलेले नाही, हे त्याला ठाऊक होते, आणि हे ठाऊक असणे हीच त्याची एकट्याची मिळकत होती.

फाइलचीही त्यांनी पाळी लावली होती. सगळ्यांत वरच्या ओळीत लिहायचे, 'आज शंभू' किंवा 'आज मल्लिनाथ'. ज्याचे नाव असेल त्यानेच त्या दिवशी फाइल उघडायची. हे कुणी ठरवले होते असेही नव्हते. दोघांनाही दुसरे काही सुचलेच नव्हते.

मॅडमच्या ते एकदा लक्षात आले.

"हे वर काय लिहिता तुम्ही दोघं रोज? पाळी? अरे, ही विहीर नाहीये. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तरी चालतं. त्यासाठीच तर असते अशी फाइल."

पडद्यावरच्या चौकोनांतले सगळे हसले. शंभूही हसला. मल्लिनाथचा कॅमेरा बंद होता. पण दुसऱ्या दिवशी वरच्या ओळीत पुन्हा 'आज शंभू' आले. एका विहिरीत दोन मोटरी एकदम चालल्या की दोन्ही हवा धरतात, हे त्यांच्या हाडांत मुरलेले होते. पुण्याहून कुणी हसल्याने ते जाणार नव्हते. सगळा कोर्स सरत आला तरी ते दोघे त्या फाइलमध्ये कधी एका वेळी शिरले नाहीत.

मल्लिनाथचा कॅमेरा नेहमीच बंद असे. विचारले तर तो खाली टाइप करून उत्तर देई. बहीण शिवकन्या भाकरी थापता थापता त्याला डिवची.

"दादा, तुझं तोंड मॅडमनी एकदा तरी बघितलंय का? उद्या नोकरी दिली तर वळखायच्या कशा?"

"काम बघत्यात. तोंड न्हाय."

"शंभूदादाचं तर दोनी बघत्यात मग."

"शिवे, गप," आई मल्लम्मा म्हणाली. "जळली बघ ती भाकर."

*

कोथिंबीर वरच्या अंगाला आधी गेली. पानांच्या कडा तांबूस झाल्या, मग देठ मऊ पडले. खालच्या वाफ्यांत थोडा ओलावा होता म्हणून ती उभी राहिली. शिवलिंगने नळदुर्गच्या व्यापाऱ्याला आधीच सांगून ठेवले होते. तो मोटरसायकलवर आला, बांधावरच उभा राहिला, वाकून एक काडी उपटली, नाकाला लावली आणि टाकून दिली.

"बुवा, ही काय न्यायची? गाडीत भरंस्तोवर वाळती."

"खालचं चांगलं हाय मालक. या तर, दावतो."

"खालचं दोन गाठोडी निघंल. दोन गाठोड्यांसाठी गाडी आणू?"

"चहा तरी घ्या."

"नको, नको. ऊन लई झालं."

मोटरसायकलचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत शिवलिंग बांधावर उभा होता, चहासाठी पुढे केलेला हात तसाच ठेवून. मग त्याने मल्लम्माला हाक मारली आणि शेळ्या सोडायला सांगितल्या. शेळ्या वरच्या वाफ्यांत शिरल्या. कोथिंबिरीचा वास त्यांच्या दातांखालून उठला आणि सगळ्या वस्तीवर पसरला. इतका दाट, की जणू पीक आत्ता कुठे खुलले होते. मल्लम्मा पदर नाकाला लावून गोठ्यात गेली. द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या टिपटिपत होत्या. तिथे वेलींना नवे फुटवे आले होते, पोपटी, आणि संध्याकाळच्या वाऱ्यात ते हलत होते.

'आमची कोथिंबीर पिऊन,' मल्लिनाथच्या मनात आले.

सूड त्याच्या मनात रागासारखा आला नाही. उपसलेल्या विहिरीत पाणी यावे तसा तो आला, बाजूने, आवाज न करता, आणि तो रोज किती चढला हे तो रोज पाहत राहिला. त्याला महारुद्रकाकाचे काही करता येणार नव्हते. बागेच्या नळ्या कापणे त्याला जमले नसते. विळा घेऊन तो दोनदा तिथवर गेला आणि परत आला. त्याचे हात तसे नव्हते. पण काकाचा सगळा गर्व ज्याच्यावर होता तो शंभू रोज त्याच्याबरोबर एका फाइलमध्ये येत होता.

मग सरावाचा तास झाला. मुख्य सादरीकरणाच्या आधी प्रत्येक जोडीने एकदा बोलून दाखवायचे होते. शंभू बोलला. फाइलमधल्या स्लाइड दिसू लागल्या तेव्हा मल्लिनाथला आपली वाक्ये सापडेनात. जिथे त्याचा परिच्छेद होता तिथे चार शब्द होते. 'उत्तर अंगाचा झरा, गाळामुळे क्षीण.' उजेडाचे काही उरले नव्हते. आणि आदल्या दिवशी पाळी मल्लिनाथची होती.

"सुरेख," मॅडम म्हणाल्या. "अगदी मोजकं. शंभुलिंग, तू छान समजावतोस. आणि मल्लिनाथ, आहेस ना? लेखनिक तू ना रे? नोंदी नीट ठेवल्यास हं."

त्याने खाली टाइप केले, 'होय मॅडम.' मग फोन उपडा ठेवला. लेखनिक.

तास संपल्यावर तो बागेच्या शेडकडे गेला. शंभू नळीला पडलेले भोक रबराने बांधत होता.

"काल पाळी माझी व्हती."

"व्हय."

"मग फाइल कामून उघडलीस?"

"मॅडमनं सांगितलं, स्लाइडवर लई मजकूर नको. तुला फोन लावला, तू उचलला न्हाईस. दोन-चार ओळी काढल्या म्या." शंभूने दाताने रबर ताणले. "एवढं काय त्यात? काय पाणी चोरलं का तुझं?"

"पाणीबी चोरलंच की."

शंभूने मान वर केली. "ते आमच्या बापाला बोल. म्या तेव्हाच भांडलो घरात. तुला काय म्हाईत?"

"भांडलास! अन् वेली तर हिरव्या झाल्या."

"मग काय उपटू? का तुझ्या शेळ्या सोडू त्यात?"

"ते सगळं म्या लिहिलं हाय, शंभू. समदं. तू नुस्तं तोंड."

"लिहिलंस तूच," शंभू म्हणाला. तो आणखी काही बोलणार होता, पण थांबला आणि पुन्हा नळीवर वाकला. "मग बोल की तूच. आजच सांगतो मॅडमला, मल्लिनाथ बोलतो म्हणून. बोलतोस?"

मल्लिनाथ उभा राहिला. शेडच्या पत्र्याखाली ऊन तापले होते आणि कुठेतरी गांधीलमाशी घुमत होती. पडद्यावरचे ते चौकोन, त्यांतले चेहरे, सगळे एकदम आपल्याकडे पाहणारे, हे त्याच्या डोळ्यांपुढे आले आणि तो एक पाऊल मागे सरला.

"बघ," शंभू म्हणाला. त्यात टोमणा होता की नव्हता, ते मल्लिनाथला ठरवता आले नाही. त्याने टोमणा आहे असेच ठरवले.

*

सादरीकरणाच्या दिवशी पाणी शिवलिंगच्या वाट्याचे होते. वर उरलेली जमीन तशीच पडली होती, पण खालचे वाफे अजून हिरवे होते, आणि ते एका पाण्यावर बाजाराला निघाले असते. शिवलिंगने आठवडी बाजारात स्वतः जुड्या विकायचे ठरवले होते. व्यापाऱ्याला बोलवायचे नाही, म्हणाला.

"म्या मोटरीजवळ बसतो. हवा धरली तर बंद कराया लागती. तू वाफ्यांची दारं धर. ध्यान ठेव, पाणी थोडं हाय. एकबी वाफा फुटला तर खालचं कोरडं राहतंय."

"धरतो."

"आज तुमचं ते हाय ना काय? शंभूचं?"

"हाय. कानात ऐकंन."

शिवलिंग जरा घुटमळला. "तू कामून बोलंना रं? तुझं बी हाय ना ते?"

"हाय की. बोलतो म्याबी. आपल्या परीनं."

बाप विहिरीकडे गेला. मल्लिनाथने धोतराच्या जुन्या कापडात गुंडाळलेला फोन बाहेर काढला, इयरफोन कानात घातला आणि पाटाकडेला बसला. पायांना चिखलाचा गारवा लागत होता. पलीकडे, बागेच्या शेडमध्ये, शंभू पांढरा सदरा घालून बसलेला दिसत होता. त्याच्यामागे भिंत चांगली दिसावी म्हणून बहुधा महारुद्रकाकानेच लावलेली नवी चादर होती. खुद्द काका शेडबाहेर खाटेवर, पाय हलवत, मुलाचा आवाज ऐकू येईल अशा बेताने बसला होता.

मल्लिनाथने तो आवाज पोटभर येऊ द्यायचे ठरवले होते. आधी बोलू द्यायचे. रंगात येऊ द्यायचे. मग तोंडापुढचे पाणी काढून घ्यायचे. स्लाइड गेल्या की शंभू काय बोलणार? त्या स्लाइडवर जे काही होते ते शेवटी मल्लिनाथनेच तर लिहिले होते. मोटर चालू आणि विहीर रिकामी. मग जो आवाज होतो तो सगळ्यांनी ऐकावा. खाटेवर बसलेल्याने तर ऐकावाच. हे सारे त्याने मनात इतक्या वेळा पाहिले होते की आता ते घडणे उरले होते इतकेच.

वरच्या ओळीत 'आज शंभू' लिहिलेले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्याच्या दिवशी फाइल उघडली.

शंभू बोलू लागला. "नमस्कार. आमची वस्ती नळदुर्गच्या जवळ आहे. आम्ही विहिरींच्या झऱ्यांचा अभ्यास केला..."

पहिला वाफा भरत आला. मल्लिनाथने खोऱ्याने दार बंद केले, दुसरे फोडले, हात सदऱ्याला पुसले. तिसरी स्लाइड सुरू झाली तेव्हा त्याने चौथी पुसली. मग पाचवी. बोट हलके होते, आणि त्याला त्या हलकेपणाचेच आश्चर्य वाटले. एवढे सोपे होते. सहावी. नकाशा. झऱ्यांची आकृती, जी त्याने रात्र रात्र जागून काढली होती. तिच्यावर बोट ठेवताना एक क्षण तो थांबला, आणि मग तीही पुसली. आपले होते ते आपण नेले.

"आता पुढच्या स्लाइडवर..." शंभू म्हणाला आणि थांबला. "एक मिनिट मॅडम. पुढचं दिसत नाहीये."

मल्लिनाथने मान उचलून शेडकडे पाहिले. पांढरा सदरा पडद्यावर वाकला होता. काकाचा हलणारा पाय थांबला होता. छातीत इतके दिवस चढलेले पाणी काठाला लागले.

मग मॅडमचा आवाज आला, गोंधळलेला, मोकळा.

"थांब, मी पण फाइल उघडून बसलेय. मला इथे... मल्लिनाथ? मल्लिनाथ, तू आहेस का फाइलमध्ये आत्ता? तुझं नाव दिसतंय मला. तू स्लाइड पुसतोयस का?"

त्याला आधी कळलेच नाही. नाव? कुठे नाव? मग त्याने फोनच्या पडद्यावर वर पाहिले. कोपऱ्यात दोन लहान गोल उमटले होते. एकात शंभूचे नाव होते, एकात मॅडमचे. म्हणजे त्यांना त्याचे दिसत होते. आत शिरलेला प्रत्येक जण आत असलेल्या प्रत्येकाला दिसत होता. हे त्याला माहीत असायला हवे होते. कोर्समधल्या प्रत्येक पोराला ते पहिल्या आठवड्यात कळले होते. पण तो आणि शंभू कधी एकत्र आत गेलेच नव्हते. रिकाम्या विहिरीवर एकट्याने जायची सवय असलेल्या माणसासारखा तो आत गेला होता.

कुणीतरी फिस्सकन हसले. कुणीतरी माइक बंद केला. आता बहुधा सगळेच चौकोन त्याच्या काळ्या चौकोनाकडे पाहत होते.

"मल्लिनाथ?" मॅडमनी पुन्हा विचारले. "चुकून होतंय का तुझ्याकडून? बोल ना."

त्याचे चिखलाचे बोट पडद्याला चिकटून राहिले होते.

"असू दे," मॅडम म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात मोकळेपणा नव्हता. "पुसलेलं सगळं परत आणता येतं. शंभुलिंग, दोन मिनिटं दे, मी जुनी प्रत काढते."

मल्लिनाथने शेडकडे पाहिले. शंभू सरळ बसला होता. त्याचा चेहरा इकडे वळलेला होता, शेतावरून, बांधावरून, थेट. इतक्या लांबून त्यावर काय होते ते दिसत नव्हते. मग त्याने तोंड पुन्हा पडद्याकडे केले.

"नको मॅडम. टाइम जातो. भावकीत आसं व्हतंच. म्या तसंच सांगतो."

आणि तो सांगू लागला. पुस्तकी भाषा त्याने दोन वाक्यांतच सोडून दिली. आमच्या इहिरीचा झरा उत्तरेला न्हाय, म्हणाला, लोकं उत्तरेला म्हणत्यात. पर तिथं हात घातला तर गाळ कोमट लागतो. गार पाणी ईशान्येच्या कोपऱ्यातनं येतं, दगडाखालनं, आन् तिथं हात धरला की बोटांना सुया टोचल्यावाणी व्हतं. पलीकडच्या मळ्यातल्या इहिरीत कपारीला सापाची कात व्हती, तिच्या खाली झरा. माळावरच्या इहिरीत खाली उतरलं की दम लागतो, दिवा इझतो, म्हणून तिथं सकाळच्याला जायचं. गाळ गुडघ्यापतोर. गाळाचा वास कुजलेल्या पेंडीवाणी आला तर झरा बुजला समजायचा. मातीचा आला तर जिता हाय. जिता झरा पायाला कळतो, मॅडम. पायाखालची वाळू हलते. उकळल्यावाणी, पर गार.

मल्लिनाथ ऐकत होता. यातले काहीच त्याने लिहिले नव्हते. यातले काहीच त्याला लिहायला मिळाले नव्हते. त्याच्या पानांत उजेड होता, काठ होता, पारवे होते. पायाखाली हलणारी वाळू नव्हती.

"मल्ल्या! आरं, पाणी!"

शिवलिंग बांधावरून धावत येत होता. पाट वरच्या अंगाला फुटला होता, आणि शेळ्यांनी खाल्लेल्या त्या रिकाम्या, भेगाळल्या वाफ्यांत पाणी शिरून दिसेनासे होत होते. मल्लिनाथने खोऱ्यासाठी हात पुढे केला, पण खोरे चिखलात पडले होते आणि बोटे घसरत होती. बापाने ते ओढून घेतले. वाकून, धापा टाकत, त्याने ढेकळे ओढली, पायाने दाबली, फुटलेली जागा छातीने थोपवावी तशी अंगाने झाकली. खालच्या हिरव्या वाफ्यांकडे जाणारी धार बोटाएवढी झाली होती. मग विहिरीवरची मोटर हवा ओढू लागली, घरघरली, आणि कुणी बंद करायच्या आत आपोआप थांबली.

"किती बेजार करता रं पोरांनो," शिवलिंग म्हणाला. त्याने मुलाकडे पाहिले नाही. तो मोटरकडे चालू लागला, पाठीवरचा सदरा चिखलाने चिकटलेला.

इयरफोन अजून कानात होता. मॅडमनी विचारले, अगदी हळू, "शंभुलिंग, हे सगळं तुम्हाला कळलं कसं? आत कॅमेरा सोडला होता का?"

"न्हाय मॅडम. उतरलो की."

"कोण?"

शेडमधला पांढरा सदरा क्षणभर हलला नाही.

"आमी दोघं," शंभू म्हणाला.

मल्लिनाथ एकाही विहिरीत उतरला नव्हता.